आडनाव गळालेला नट : डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांच्या चरित्र अभिनयाचा पुनर्विचार

रायगड जिल्ह्यातील गावांची नावे आडनावांत जितकी टिकून राहिली आहेत तितकी ती शासकीय दप्तरातही टिकलेली नाहीत. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. जिल्ह्याचे नाव पालटले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, चेऊलकर ही आडनावे मात्र होती तशीच राहिली. या आडनावांचा मोठा वाटा बेने इस्रायल समाजाकडे आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या मोजक्या कुटुंबांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याचा नेम यांमुळे किनारपट्टीवर त्यांना शनिवार तेली असे नाव पडले. ज्या गावी घाणा लावला त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले. पेण येथील बेथ हा-एलोहिम हे प्रार्थनालय १८६३ मधील आहे. रोह्याला कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि पलीकडच्या तीरावर अष्टमी, आणि दोन्ही गावांची नावे या समाजाच्या आडनावांत आलेली आहेत. हीच कुंडलिका पुढे खाडी होऊन रेवदंडा आणि चौलजवळ समुद्राला मिळते. चौलचे जुने रूप चेऊल. हिंदी चित्रपटसृष्टीत चार दशकांहून अधिक काळ वावरलेल्या आणि केवळ ‘डेव्हिड’ या एकाच शब्दाने ओळखल्या गेलेल्या नटाचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर असे होते.

या पूर्ण नावाची रचना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. प्रथम स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग गावाचे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत यांपैकी पहिलेच तेवढे उरले. उरलेली दोन नावे गळून गेल्याने या नटाच्या भूमिकांवर काय परिणाम झाला, आणि त्याच्या भूमिकांचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षेची कोणती बाजू अपुरी राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी ‘चरित्र अभिनेता’ या संज्ञेविषयी. ही संज्ञा हिंदीतून मराठीत आली आणि फारशी चिकित्सा न होता रूढ झाली. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे स्वभाव, व्यक्तिरेखा. मराठीत चरित्र म्हणजे कुणाच्या तरी आयुष्याची लिहिलेली हकिगत. त्यामुळे मराठीत या संज्ञेला एक नकळत विनोद चिकटला आहे. ज्यांचे चरित्र सहसा कुणी लिहीत नाही अशा नटांना आपण चरित्र अभिनेते म्हणतो. नायकाला कथेत भूतकाळ असतो, आई असते, गाव असते. चरित्र अभिनेत्याला बहुधा फक्त नाते असते. तो कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी काका, कुणाच्या तरी घरचा डॉक्टर असतो. त्याचे स्वतःचे घर पडद्यावर सहसा दिसत नाही. डेव्हिड यांच्या बाबतीत ही गोष्ट इतकी पूर्णत्वाला गेली की तिला केवळ व्यवसायाचा रिवाज म्हणून बाजूला सारता येत नाही.

आडनाव सोडून देणारे या समाजातील ते पहिले कलावंत नव्हते. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रदर्शित झाला. तो ज्या पारशी नाटकावर आधारलेला होता त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड हेही बेने इस्रायल होते आणि त्यांचे आडनाव पेणकर होते. पुढे वाडिया मूव्हीटोनच्या ‘लाल-ए-यमन’ आणि ‘हंटरवाली’ या चित्रपटांच्या लेखनातही त्यांचा हात होता. भारतीय बोलपटाच्या इतिहासात पेणचे नाव अशा रीतीने पहिल्याच पानावर यावयास हवे होते. ते आले नाही, कारण इतिहासकारांनी श्रेयनामावली पाहिली आणि श्रेयनामावलीत पेणकर नव्हते. येथे कुणी काही मुद्दाम लपवले असे समजण्याचे कारण नाही. याकूब, जयंत, आगा, मुक्री अशी एकशब्दी नावे त्या काळच्या हिंदी चित्रपटात सर्रास होती. डेव्हिड यांचे एकशब्दी नाव त्याच रिवाजाचा भाग होता. प्रश्न हेतूचा नसून परिणामाचा आहे. याकूब म्हटल्यावर प्रेक्षकाला जे कळत होते ते चुकीचे नव्हते. डेव्हिड म्हटल्यावर मात्र प्रेक्षकाला ख्रिस्ती माणूस दिसत होता, आणि कालांतराने दिग्दर्शकांनाही तोच दिसू लागला.

मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असलेले डेव्हिड नोकरीच्या शोधात काही वर्षे घालवल्यानंतर १९३७ मध्ये चित्रपटात आले. बाँबे टॉकीजच्या ‘नया संसार’ (१९४१) या चित्रपटापासून त्यांचा जम बसू लागला. त्याचे लेखक ख्वाजा अहमद अब्बास. अब्बास यांच्याशी त्यांचे नाते पुढेही टिकले. ‘परदेसी’ (१९५७) आणि ‘शहर और सपना’ (१९६३) या अब्बास यांच्या चित्रपटांत ते होते. उंचीने बुटके, गोल चेहऱ्याचे, अकाली टक्कल पडलेले असे हे रूप नायकाचे नव्हते आणि खलनायकाचेही नव्हते. (पडद्याबाहेर हा लहानखुरा माणूस भारोत्तोलनाच्या स्पर्धांत पंच म्हणून काम करीत असे. वजन दुसऱ्याने उचलायचे आणि उचलले की नाही हे आपण सांगायचे, हे काम त्यांच्या पडद्यावरील कामापासून फार दूरचे नव्हते.) अशा रूपाला हिंदी चित्रपटात ज्या जागा मोकळ्या होत्या त्यांत विनोदी नट आणि वडीलधारा माणूस या दोन मुख्य. डेव्हिड यांनी दोन्ही जागा एकाच वेळी व्यापल्या आणि त्यांतून तिसरेच काही उभे केले. ते नेमके काय होते हे ‘बूट पॉलिश’ (१९५४) मध्ये दिसते.

राज कपूर निर्मित आणि प्रकाश अरोरा दिग्दर्शित ‘बूट पॉलिश’ ची कथा भोला आणि बेलू या दोन अनाथ भावंडांची आहे. त्यांची चाची त्यांना भीक मागायला लावते. झोपडपट्टीतला जॉन चाचा त्यांना सांगतो की हात पसरू नका, हाताने काम करा. एवढेच सांगितले तर ही एक बोधकथा होते, आणि या चित्रपटाविषयी जे बहुतांश लिहिले गेले आहे ते तसेच आहे. पण जॉन चाचा हा पायाने अधू असलेला, चोरून दारू विकणारा माणूस आहे. कष्टाच्या भाकरीचा उपदेश करणाऱ्याची स्वतःची भाकरी कष्टाची नाही, ती बेकायदा धंद्याची आहे. पटकथेने या विसंगतीकडे बोट दाखवलेले नाही. ती नटावर सोपवली आहे. डेव्हिड तिला दोन प्रकारे सांभाळतात. एक म्हणजे ते मुलांशी बोलताना कधीही वरून बोलत नाहीत. त्यांची उंची येथे उपयोगी पडते हे खरेच, पण केवळ उंचीने हे साधत नाही. बोलण्याआधी ते क्षणभर थांबतात, जणू आपल्याला हे सांगण्याचा अधिकार आहे का याचा अंदाज घेत आहेत. दुसरे म्हणजे उपदेशाचे वाक्य संपताच ते हसतात. हे हसू प्रेमळ आहे तसेच ओशाळलेलेही आहे. उपदेशक आणि गुन्हेगार हे दोघे एकाच चेहऱ्यावर राहू शकतात हे त्या हसण्यातून कळते.

मुलांना मुठीत काय आहे असे विचारणारे जे गाणे आज शाळांच्या स्नेहसंमेलनांत गायले जाते ते या चित्रपटातले. त्याचे नाव घेतले की डेव्हिड आठवतात. त्याहून महत्त्वाचे गाणे मात्र दुसरे आहे. दारूच्या गुन्ह्यात जॉन चाचा तुरुंगात जातो आणि तेथे टकल्या कैद्यांच्या मेळाव्यात शास्त्रीय ढंगाने पावसाची आळवणी करतो. आवाज मन्ना डे यांचा. प्रसंग निखळ विनोदी आहे. पाऊस आला तर डोक्यावर केस उगवतील अशी त्यातली कल्पना. पाऊस येतो. आणि पाऊस आल्यामुळे रस्त्यावरच्या मुलांकडे बूट पॉलिश करून घ्यायला कुणी येत नाही, भोला-बेलू उपाशी राहतात. जॉन चाचाने ज्या मुलांना भिकेपासून सोडवले त्यांच्यावर भिकेची पाळी त्यानेच मागितलेल्या पावसामुळे येते. हिंदी चित्रपटात विनोदी गाण्याचा कथेशी इतका निष्ठुर संबंध फार थोड्या ठिकाणी जोडला गेला आहे. चाचा भला आहे, पण त्याचे भलेपण मुलांना वाचवायला पुरे पडत नाही, हे चित्रपट येथे मान्य करतो. दुर्दैवाने शेवटी श्रीमंत घराने मुलांना पोटाशी धरण्याचा मार्ग निवडून तो ही कबुली परत घेतो. शेवटाच्या या तडजोडीचा दोष डेव्हिड यांच्याकडे जात नाही. त्या शेवटात त्यांना करण्यासारखे फारसे काही उरलेलेच नाही.

या भूमिकेसाठी डेव्हिड यांना १९५५ मध्ये फिल्मफेअरचा साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. साहाय्यक भूमिकांसाठी हा पुरस्कार देण्याचे ते पहिलेच वर्ष होते. चरित्र अभिनेत्याची वेगळी गणना सुरू झाली ती त्यांच्यापासून, असे म्हणण्यास हरकत नाही. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘बूट पॉलिश’ नंतर काय झाले ते समजून घ्यायला पेणच्या गणपती कारखान्यांतील कामाची पद्धत उपयोगी पडते. तेथे मूर्ती साच्यातून निघते. साचा एकच असला तर शंभर मूर्तींचा बांधाही एकच असतो. मूर्तीला जे वेगळेपण येते ते डोळ्यांच्या आखणीत, आणि आखणी हाताने होते. ती प्रत्येक कारागिराला जमत नाही. हिंदी चित्रपटाने जॉन चाचापासून एक साचा काढला. त्यातून दारूचा धंदा, अधू पाय आणि ओशाळलेपण वगळले आणि भला, मिश्किल, निरुपद्रवी वडीलधारा तेवढा ठेवला. पुढील दीड दशकातील डेव्हिड यांचे बरेचसे काम या साच्यातले आहे. डॉक्टर, पाद्री, शेजारी, नायिकेच्या वडिलांचा मित्र. अशा अनेक चित्रपटांत त्यांना एक-दोन प्रसंगांपलीकडे काही नाही आणि त्या प्रसंगांतही ते आपल्या नेहमीच्या हसण्यावर निभावून नेतात. हे काम फेरतपासणीत टिकत नाही, आणि नटाविषयीच्या आपुलकीपोटी ते टिकते असे म्हणण्यात अर्थ नाही. अपवाद आहेत. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘मेम दीदी’ (१९६१) मध्ये जयंत यांच्यासोबत त्यांनी जो वस्तीतला दादा रंगवला, त्यात धाक दाखवणारा माणूस ललिता पवार यांच्यापुढे कसा विरघळतो हे पाहण्याजोगे आहे. भलेपणाचा साचा येथे उलटा धरला आहे. आधी दादागिरी, मग भलेपण. पण असे दिग्दर्शक थोडे.

या संदर्भात नाना पळशीकर यांच्याशी तुलना करणे उपयोगाचे ठरेल. तेही चरित्र अभिनेते, तेही मराठी भाषक, ‘शहर और सपना’ मध्ये दोघेही आहेत. पळशीकरांना हिंदी चित्रपटाने प्रामुख्याने दारिद्र्य आणि दुःख दिले. त्यांचा चेहरा पाहिला की प्रेक्षकाला वंचना दिसे. त्या वंचनेला जात, शेत, कर्ज, गाव असा काही सामाजिक आधार असे. डेव्हिड यांच्या भलेपणाला असा आधार जवळजवळ कधीच मिळाला नाही. हा माणूस भला का आहे, कुठून आला, त्याच्या वाट्याला काय आले, हे प्रश्न त्यांच्या भूमिकांना विचारले जात नसत. ख्रिस्ती नाव दिले म्हणजे ते प्रश्न विचारण्याची गरजच उरत नसे, असा एक सोयीचा समज त्यामागे दिसतो. अल्पसंख्य माणूस एक तर भला असावा किंवा खलनायकाचा हस्तक. मधली जागा हिंदी चित्रपटाने त्याला फारशी दिलेली नाही. आणि ज्यू माणूस? तो या काळात बिमल रॉय यांच्या ‘यहुदी’ (१९५८) मध्ये दिसतो, पण तो प्राचीन रोममधला आहे, आगा हश्र काश्मिरी यांच्या नाटकातून आलेला आहे आणि सोहराब मोदी यांच्या घनगंभीर आवाजात बोलतो. त्याला रोह्याची खाडी ठाऊक नाही. मराठी बोलणारा, मलिद्याचा नैवेद्य करणारा, १८४६ मध्येच मुंबईत मराठी भाषांतरासह आपला हग्गादा छापून घेणारा ज्यू हा हिंदी चित्रपटाच्या कल्पनेत बसत नव्हता. त्या समाजातला सर्वांत परिचित चेहरा रोज पडद्यावर असूनही बसत नव्हता.

सत्तरच्या दशकात डेव्हिड यांच्या कामाला जे नवे चैतन्य आले त्याचे श्रेय हृषीकेश मुखर्जी आणि बासू चटर्जी यांना द्यावे लागते. या दोघांनी साचा मोडला नाही. त्यांनी साच्यातल्या माणसाला काम दिले. ‘अभिमान’ (१९७३) मध्ये डेव्हिड हे संगीताचे जाणकार रसिक आहेत. नायक-नायिकेच्या लग्नाच्या समारंभात दोघांचे गाणे ऐकून ते जे बोलतात त्यात पुढचा सगळा चित्रपट आहे. बायको नवऱ्याहून गुणी आहे आणि नवऱ्याने वरचढ असावे असे मानणाऱ्या समाजात हे निभणार कसे, अशी त्यांची शंका. हे भाकीत ते आनंदाच्या प्रसंगी, हसतमुखाने आणि हलक्या आवाजात करतात. ‘बूट पॉलिश’ मधले उपदेशानंतरचे हसू येथे भाकितासोबत येते. जाणकाराला जे दिसते ते थांबवण्याची त्याची शक्ती नाही, हेही त्यात आहे. ही भूमिका लांबीने किती लहान आहे याचा हिशेब मांडला तर आश्चर्य वाटावे.

‘चुपके चुपके’ (१९७५) मध्ये ते नायिकेचे थोरले भाऊ हरिपद आहेत आणि ‘गोलमाल’ (१९७९) मध्ये डॉ. केदार मामा. दोन्ही विनोदी चित्रपटांत एकच युक्ती आहे. नायकाला एका कडक, तत्त्वांचा अभिमान बाळगणाऱ्या वडीलधाऱ्याच्या घरात खोट्या नावाने किंवा खोट्या वेषाने शिरायचे आहे. दार उघडून देण्याचे काम डेव्हिड करतात. ‘चुपके चुपके’ मध्ये शुद्ध हिंदी बोलणारा वाहनचालक पाठवून देण्यात त्यांचा हात आहे. ‘गोलमाल’ मध्ये भवानीशंकरला कसला तरुण आवडतो, कसला खपत नाही, हे रामप्रसादला तेच शिकवतात. म्हणजे ज्या चेहऱ्याची ख्याती सरळपणाची, तोच येथे लबाडीचा सूत्रधार आहे. प्रेक्षक ती लबाडी हसत मान्य करतो कारण ती डेव्हिड यांनी शिकवलेली आहे. उत्पल दत्त किंवा ओमप्रकाश यांच्या संतापाला जे भांडवल लागते ते पुरवणारा माणूस स्वतः संतापाच्या टप्प्याबाहेर उभा राहतो. या दोन भूमिकांना ‘गोड मामा’ म्हणून सोडून देणे हा आळस आहे. घराच्या आत ज्याला प्रवेश आहे, पण घराच्या तत्त्वांवर ज्याची श्रद्धा नाही, अशा माणसाची ही भूमिका आहे. डेव्हिड यांनी ती ज्या सहजतेने केली त्यात केवळ विनोदाची जाण नव्हती. कुणाच्याही घरात सहज सामावून जाण्याचा दीर्घ अभ्यास होता, असे म्हणावेसे वाटते.

बासू चटर्जी यांच्या ‘बातों बातों में’ (१९७९) मधला अंकल टॉम हा वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीतला. उपनगरी गाडीत एका तरुणाची आणि एका तरुणीची ओळख करून देणे हे त्याचे मुख्य कार्य. जॉन चाचापासून अंकल टॉमपर्यंत पंचवीस वर्षे झाली होती. या वेळी मात्र त्या ख्रिस्ती माणसाला वस्ती आहे, शेजार आहे, रोजची गाडी आहे. स्थळाचा आधार मिळताच डेव्हिड यांचा अभिनय किती मोकळा होतो हे येथे दिसते. त्याच वर्षीच्या ‘गोलमाल’ मध्ये आणि या चित्रपटातही नायक अमोल पालेकर आहेत. दोन्ही ठिकाणी एक मराठी भाषक दुसऱ्या मराठी भाषकाला संसाराचा मार्ग दाखवतो आहे, आणि दोघांपैकी एकाच्या नावातला गावाचा ‘कर’ शाबूत आहे.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट आणि आठवड्यातून एकदा ‘छायागीत’ या दोन वाटांनी डेव्हिड घराघरांत पोहोचले. ज्या पिढीने त्यांना चित्रगृहात पाहिले नाही तिने त्यांना दिवाणखान्यात पाहिले. चरित्र अभिनेत्याला दूरचित्रवाणीचा पडदा अधिक मानवतो, कारण तेथे नायकाची भव्यता आक्रसते आणि चेहऱ्याचे बारकावे जवळ येतात. परंतु याच माध्यमाने त्यांच्या कारकिर्दीचे संकलनही केले. ‘छायागीत’ ने ‘बूट पॉलिश’ मधले मुलांचे गाणे कथेपासून सोडवून घेतले; जॉन चाचाचा दारूचा धंदा मागे राहिला. तुरुंगातले गाणे मन्ना डे यांच्या गायकीचा नमुना म्हणून शिल्लक राहिले. पुढे उपग्रह वाहिन्यांनी ‘गोलमाल’ आणि ‘चुपके चुपके’ इतक्या वेळा दाखवले की डेव्हिड म्हणजे हे दोन मामा असे समीकरण पक्के झाले. एका प्रदीर्घ कारकिर्दीचा शेवटचा दशकभराचा काळ हीच संपूर्ण कारकीर्द ठरली. आजच्या विद्यार्थ्याला ते सहज ओळखू येतात आणि त्याच कारणाने त्यांच्याविषयी त्याला कुतूहल वाटत नाही.

मालिकांच्या युगात काम करण्याइतके आयुष्य डेव्हिड यांना लाभले नाही. ‘हम लोग’ १९८४ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच कॅनडात टोरंटो येथे त्यांचे निधन झाले होते. तरीही दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकेवर त्यांची छाया आहे. ती अपघाताने पडलेली नाही. बासू चटर्जी यांनी ‘रजनी’ (१९८५) आणि हृषीकेश मुखर्जी यांनी ‘हम हिंदुस्तानी’ (१९८६) करून आपली घरगुती नाट्याची रीत लहान पडद्यावर आणली. दारातून डोकावणारा, सगळ्यांच्या भानगडी ठाऊक असलेला आणि स्वतःची भानगड नसलेला शेजारी-काका हा पुढे मालिकांचा नेमाचा घटक झाला. साचा टिकला; आखणी करणारा हात नव्हता. उलट, मुंबई दूरदर्शनवर ‘गोलमाल’ च्याच सुमारास चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ मालिका गाजत होती. तिच्यातील माणसांना पेठ होती, बोली होती, नातेवाइकांचे जाळे होते. स्थळ असलेला विनोद आणि स्थळ पुसलेला विनोद असे दोन मार्ग एकाच केंद्रावरून एकाच काळात दाखवले जात होते. मराठी समीक्षेने पहिल्याची दखल घेतली, हे योग्यच झाले. दुसऱ्या मार्गावरही एक मराठी भाषक उभा होता हे तिच्या लक्षात आले नाही.

अलीकडे डॅनी बेन-मोशे यांच्या ‘शालोम बॉलीवूड’ (२०१७) या माहितीपटाने सुलोचना, प्रमिला, नादिरा यांच्या सोबतीने डेव्हिड यांच्याकडे लक्ष वेधले. त्याचे मोल आहे. मात्र त्या मांडणीत बगदादी आणि बेने इस्रायल हे दोन्ही प्रवाह ज्यू या एका छत्राखाली येतात. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, प्रमिला किंवा नादिरा या बगदादी परंपरेतल्या. त्यांच्या घरांचा मराठीशी संबंध मुंबई शहरापुरता. चेऊलकरांचा संबंध भाषेचा आणि भूमीचा आहे. धर्माच्या खणात ठेवले की हा फरक दिसत नाही, आणि हिंदी चित्रपटाच्या खणात ठेवले की धर्मही दिसत नाही. मराठी चित्रपट-समीक्षेने आजवर त्यांना दुसऱ्याच खणात राहू दिले. हिंदीत काम केलेल्या मराठी कलावंतांच्या ज्या याद्या आपण अभिमानाने सांगतो त्यांत हे नाव सहसा नसते. नावाच्या शेवटी ‘कर’ दिसला नाही म्हणून ते वगळले गेले असावे. तो दिसला नाही कारण आपण श्रेयनामावलीच्या पलीकडे पाहिले नाही.

याची किंमत केवळ एका नटापुरती नाही. १९४८ नंतर पेण, रोहा, अलिबाग, मुरूड या भागांतील बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तोपर्यंत या गावांत मोजकी घरे उरली होती. हग्गादाच्या मराठीवर, समाजाच्या मराठी कीर्तनपरंपरेवर, हाएम सॅम्युएल किहीमकर यांच्या इतिहासलेखनावर अभ्यासकांनी काम केले आहे. पण या समाजाने चित्रपटाला काय दिले हा प्रश्न जिल्ह्यातील महाविद्यालयांत एखाद्या प्रकल्पाचाही विषय झालेला दिसत नाही. जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे नाव पेणमध्ये, आणि खाडीच्या दोन्ही टोकांना चेऊलकरांचे नाव, आज किती जणांना ठाऊक आहे हे विचारून पाहण्यासही फारसा खर्च येणार नाही.

१९५५ च्या त्या पहिल्या साहाय्यक पुरस्कारांत दोन नावे होती. ‘बादबान’ साठी उषा किरण आणि ‘बूट पॉलिश’ साठी डेव्हिड. उषा किरण मूळच्या उषा मराठे. त्यांनी पुढे ‘उषःकाल’ हे आत्मचरित्र लिहिले आणि मराठी वाचकांनी ते आपले म्हणून वाचले. त्यांच्यासोबत त्याच वर्षी गौरवल्या गेलेल्या दुसऱ्या मराठी भाषकावर स्वतंत्र मराठी ग्रंथ लिहिण्याचे काम अद्याप बाकी आहे.